बंद पडलेली डर्ट बाइक विकण्याआधी बिघाड नेमका ओळखा

बहुतेक डर्ट बाइक डोंगरात बंद पडत नाहीत. त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या उभ्या बंद पडतात. गाडी हौसेने घेतलेली असते, दोनतीन हिवाळे कर्जत-मुरबाडकडच्या कच्च्या वाटांवर भरपूर फिरलेलीही असते. मग नोकरी बदलते, घरी मूल येते आणि घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा खारघरच्या एखाद्या इमारतीत खांबाआड, कव्हराखाली ती दोन पावसाळे काढते. एक दिवस पार्किंग मोकळे करा असे सोसायटीचे पत्र येते, किक मारून पाहिली तर गाडी दाद देत नाही आणि मालक घाईघाईने ‘बंद अवस्थेत, जशी आहे तशी’ अशी जाहिरात देऊन टाकतो.

बंद गाडीचा भाव ठरवताना घेणारा माणूस सर्वांत वाईट शक्यता धरून चालतो आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. इंजिन जाम असेल, पिस्टन-रिंग गेल्या असतील, हेड (सिलिंडरवरचे वॉल्व्ह असलेले झाकण) उघडावे लागेल, असे गृहीत धरूनच तो आकडा सांगतो. प्रत्यक्षात बिघाड कार्बोरेटरमधल्या (पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणाऱ्या भागातल्या) एका छिद्रात साचलेल्या चिकट थरापुरता असू शकतो, किंवा इंजिन खरोखरच संपलेले असू शकते. पण हे तपासलेले नसेल तर दोन्ही गाड्यांना सारखाच भाव मिळतो. म्हणून दुरुस्ती करायची की नाही हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा आणि आधी बिघाड नेमका कोणता ते शोधावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. बिघाड कळला की त्याचा खर्च काढता येतो, आणि खर्च कळला की विकण्याचा निर्णय अंदाजाने घ्यावा लागत नाही.

पाना हातात घेण्यापूर्वी कागद पाहावेत

हे काम कंटाळवाणे आहे, तरीही ते पहिले करावे, कारण दुरुस्तीवर किती खर्च करणे योग्य आहे हे पुष्कळदा कागदांवरच ठरते. आपल्याकडे ‘डर्ट बाइक’ या नावाखाली दोन वेगळ्या जातीच्या गाड्या येतात. पहिली जात नोंदणी झालेल्या, रस्त्यावर चालवता येणाऱ्या गाड्यांची. २०११ मध्ये आलेली हीरो इम्पल्स, २०१६ ची रॉयल एनफील्ड हिमालयन आणि २०१९ ची हीरो एक्सपल्स २०० या त्यांतल्या परिचित. दुसरी जात कावासाकीच्या केएलएक्स किंवा केएक्स मालिकेतल्या काही गाड्यांसारख्या केवळ ट्रॅकसाठी विकल्या गेलेल्या गाड्यांची, ज्यांना नंबरप्लेट नसते आणि ज्या सार्वजनिक रस्त्यावर आणताच येत नाहीत. या दुसऱ्या जातीच्या गाडीला आरसी नसते, त्यामुळे मूळ खरेदीचे बिल हीच तिची ओळख असते. ते बिल आणि चॅसीवर कोरलेला क्रमांक जुळत नसेल तर जाणकार ग्राहक पुढे बोलणार नाही, म्हणून बिल सापडेपर्यंत दुरुस्तीवर पैसा घालू नये.

नोंदणी झालेल्या गाडीच्या बाबतीत आरसीवरची पहिल्या नोंदणीची तारीख बघावी. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे २०११-१२ मध्ये घेतलेल्या इम्पल्सची मुदत २०२६-२७ मध्ये संपते. त्यानंतर नूतनीकरणासाठी फॉर्म २५ भरून, पर्यावरण कर भरून गाडी प्रत्यक्ष तपासणीसाठी आरटीओत न्यावी लागते आणि बंद गाडी त्या तपासणीत उतरू शकत नाही. हस्तांतरणाच्या वेळी वैध पीयूसी मागितली जाते आणि पीयूसीची चाचणी इंजिन चालू असल्याशिवाय होत नाही. याचा अर्थ असा की बंद गाडी घेणाऱ्याला बिघाडाबरोबर अडकलेले कागदही विकत घ्यावे लागतात आणि तो त्याची वजावट भावातून करतो. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का, कर्जाचा बोजा आरसीवरून उतरवला आहे का आणि विमा कधी संपला, हेही याच वेळी एका कागदावर लिहून ठेवावे.

किक मारण्याची घाई नको

वर्षभर उभ्या असलेल्या गाडीला पहिल्याच दिवशी वीसपंचवीस किका मारणे हा सर्वांत महागात पडणारा उत्साह आहे. सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल इतक्या काळात खाली उतरलेले असते, रिंग कोरड्या घासतात आणि कुठे गंजाचा पापुद्रा असेल तर तो ओरखडा काढतो. त्याहून गंभीर बाब पाण्याची आहे. ठाणे आणि नवी मुंबईत सखल भागातल्या पार्किंगमध्ये जोराच्या पावसात गुडघाभर पाणी साचणे काही नवलाचे नाही. गाडी अशा पाण्यात उभी राहिलेली असेल तर सायलेन्सरवाटे किंवा एअर फिल्टरवाटे पाणी सिलिंडरपर्यंत गेलेले असू शकते. पाणी दाबले जात नाही. अशा वेळी सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि पाचशे रुपयांत निभावणारे काम संपूर्ण इंजिन उघडण्यापर्यंत जाते.

म्हणून पहिले काम प्लग काढण्याचे. प्लगभोवतीच्या खळग्यात साचलेली माती ब्रशने आणि हवेने आधी साफ करावी, म्हणजे ती आत पडणार नाही. प्लग निघाल्यावर छिद्रातून चमचाभर स्वच्छ इंजिन ऑइल सोडावे आणि शक्य असल्यास रात्रभर थांबावे. दुसऱ्या दिवशी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने पुढेमागे हलकेच हलवावे. चाकाबरोबर इंजिन फिरले तर अर्धी चिंता मिटली. फिरले नाही तर जोर लावू नये; आणखी तेल सोडून एकदोन दिवस वाट पाहावी आणि तरीही हलले नाही तर इंजिन जाम आहे असे समजून सरळ शेवटच्या हिशेबाकडे वळावे.

याच वेळी इंजिन ऑइलची स्थिती बघावी. काचेतून किंवा पट्टीवर तेल दुधाळ, चहासारखे दिसत असेल तर त्यात पाणी मिसळले आहे आणि ते बदलल्याशिवाय इंजिन चालू करणे हा गुन्हाच आहे. जुने तेल स्वच्छ भांड्यात काढून उन्हात बोटांवर चोळून पाहावे. बारीक चमक दिसणे स्वाभाविक आहे, पण नखाने उचलता येतील असे धातूचे कण दिसले तर आत काहीतरी झिजून तुटले आहे.

कॉम्प्रेशन आधी का पाहावे

गॅरेजमध्ये साधारणतः बॅटरी, प्लग, पेट्रोल असा क्रम धरतात आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, शेवटी पाहतात. गाडी चालू करणे हाच हेतू असेल तर तो क्रम योग्य आहे. पण विकायचे की ठेवायचे हे ठरवणाऱ्या माणसाने कॉम्प्रेशन आधी पाहावे असे माझे मत आहे, कारण हजारदोन हजारांचे काम आणि ‘हाफ इंजिन’चे, म्हणजे पिस्टन, रिंग आणि ब्लॉकचे काम यांतली सीमारेषा इथेच आखली जाते.

साधी परीक्षा अंगठ्याची आहे. किल स्विच (हँडलवरचे इंजिन बंद करण्याचे बटण) बंद स्थितीत ठेवून, प्लगच्या छिद्रावर अंगठा घट्ट दाबून दुसऱ्याला किक मारायला सांगावी. हवा अंगठा जोराने उडवून बाहेर पडली पाहिजे. अधिक खात्रीसाठी कॉम्प्रेशन गेज वापरावे, जे बहुतेक चांगल्या मेकॅनिककडे असते. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा धरून, काटा वर चढायचा थांबेपर्यंत पाचसहा किका माराव्यात. फोर-स्ट्रोक इंजिनात साधारण १२० ते १८० पीएसआयच्या दरम्यान आकडा येतो. मात्र किक हलकी व्हावी म्हणून काही इंजिनांत आपोआप दाब सोडणारी यंत्रणा असते आणि तिथे निरोगी इंजिनही कमी आकडा दाखवते, म्हणून गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच प्रमाण मानावा. आपण आदल्या दिवशी तेल सोडलेले असल्याने पहिले माप थोडे जास्त येईल, कारण तेल रिंगभोवतीची फट तात्पुरती बुजवते. तेल असूनही माप फारच कमी आले तर संशय रिंगपेक्षा वॉल्व्हवर जास्त जातो. माप ठीक आले तर पुढे जावे, आणि इंजिन एकदा चालू होऊन गरम झाल्यावर तेच माप पुन्हा घ्यावे. त्या वेळी ते बरेच खाली आले तर रिंग किंवा ब्लॉक झिजला आहे.

वॉल्व्हचा संशय आला तरी हेड खोलण्याची परवानगी लगेच देऊ नये. आधी टॅपेट, म्हणजे वॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट, तपासायला सांगावे. इंजिन थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) मॅन्युअलमध्ये दिलेली फट जुळते का ते बघायचे असते. ती फट उरलीच नसेल तर वॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, दाब निसटतो आणि गाडी सुरू होत नाही. स्क्रूचे टॅपेट असलेल्या गाड्यांमध्ये हे काम तासाभरात होते. रेसिंगच्या जातीतल्या गाड्यांमध्ये शिम (ठरावीक जाडीच्या चकत्या) बदलाव्या लागतात, तिथे वेळ आणि खर्च वाढतो. टॅपेट जुळवूनही दाब आला नाही, तरच हेडचा विचार करावा.

स्पार्क

स्पार्क तपासण्याआधी बॅटरी पाहावी. विश्रांतीच्या स्थितीत पूर्ण चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. मल्टिमीटरवर १२ च्या खाली आकडा असेल तर ती चार्ज करून मगच पुढची तपासणी करावी, नाहीतर प्रत्येक निष्कर्ष फसवा निघतो. काढलेला प्लग कॅपमध्ये घालून त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवावा, किल स्विच चालू स्थितीत आणावा आणि सावलीत किक मारून पाहावी. हे करताना प्लगचे छिद्र फडक्याने झाकावे आणि जवळ सांडलेले पेट्रोल असू नये. निळसर, टचटचीत ठिणगी दिसली तर स्पार्क उत्तम आहे. पिवळट आणि मरगळलेली दिसली तर आधी नवा प्लग लावून पाहावा.

ठिणगी अजिबात नसेल तर सर्वांत स्वस्त कारणांपासून सुरुवात करावी. हँडलवरचा किल स्विच आपल्या दमट हवेत आतून हिरवा पडतो. त्याची जोडणी काढून पाहिली की स्पार्क परत येण्याची शक्यता बरीच असते. साइड स्टँडचा, क्लचचा आणि न्यूट्रलचा स्विच ज्या गाड्यांत आहे तिथे तेही तपासावेत. प्लग कॅप वायरवरून फिरवून काढता येत असेल तर वायरीचे गंजलेले अर्धा सेंटिमीटर टोक कापून ती पुन्हा बसवावी. त्यानंतर सीट आणि टाकी उतरवून संपूर्ण वायरिंग डोळ्यांखालून घालावी. इमारतीच्या पार्किंगमध्ये उंदीर-घुशींना सीटखालची उबदार जागा फार आवडते आणि वायरीचे आवरण त्या आवडीने कुरतडतात. कुरतडलेली वायर जोडताना केवळ पिळून टेप गुंडाळू नये. डाग देऊन वर हीट श्रिंकची नळी चढवावी, कारण पुढच्या पावसाळ्यात हाच जोड नव्या मालकाला दगा देईल.

सीडीआय, म्हणजे ठिणगी कधी पडावी हे सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा, हा भाग विनाकारण सर्वांत जास्त वेळा बदलला जातो. स्विच, वायरिंग, पिकअप कॉइल आणि इग्निशन कॉइल मोजून झाल्याशिवाय सीडीआय विकत घेऊ नये. शक्य असल्यास त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचा सीडीआय काही मिनिटे लावून खात्री करावी.

पेट्रोल: बहुतेकांचे उत्तर इथेच सापडते

स्पार्क आणि कॉम्प्रेशन दोन्ही असूनही गाडी सुरू होत नसेल तर प्लगच्या छिद्रातून पेट्रोलचे चारपाच थेंब सोडून प्लग लावावा, सांडलेले थेंब पुसून घ्यावेत आणि किक मारावी. इंजिन दोन सेकंद भडकून विझले तर बिघाड पेट्रोलच्या वाटेवर आहे हे जवळपास पक्के झाले.

उभ्या गाडीतले पेट्रोल खराब का होते हे आपल्या हवामानाच्या संदर्भात समजून घेण्यासारखे आहे. २०२३ पासून पंपांवर ई-२० पेट्रोल येऊ लागले आणि २०२५ मध्ये देशाने वीस टक्के इथेनॉल मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. अर्धी भरलेली टाकी झाकणाच्या छिद्रातून रोज श्वास घेत असते आणि जून ते सप्टेंबर हा श्वास खाडीकाठच्या दमट हवेचा असतो. ओल ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्याने टाकीच्या तळाशी, नेमके कॉकच्या (पेट्रोलच्या तोटीच्या) तोंडाशी, जाऊन बसतात. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेले थोडे पेट्रोल उडून जाते आणि मागे तपकिरी, चिकट थर राहतो. जुन्या गाड्यांचे रबरी ओ-रिंगही फुगतात.

कॉक बंद करून कार्बोरेटरच्या वाटीचा निचरा स्क्रू सैल करावा आणि जे येईल ते पारदर्शक काचेच्या बाटलीत घ्यावे. बाटली दहा मिनिटे स्थिर ठेवली की सगळे दिसू लागते: वर पेट्रोल, तळाशी पाण्याचा वेगळा थर, आणि त्यात तरंगणारी गंजाची लाल धूळ. चांगल्या पेट्रोलचा वास नाकात शिरतो; शिळ्या पेट्रोलला फर्निचरच्या वॉर्निशसारखा आंबूस वास असतो. असे पेट्रोल टाकीत असेल तर ते संपूर्ण काढून टाकावे, त्यात नवे पेट्रोल मिसळून भागवू नये. ते सोसायटीच्या गटारातही ओतू नये, कारण आपली गटारे शेवटी खाडीला मिळतात. ओळखीच्या गॅरेजमध्ये सुटे भाग धुण्यासाठी ते आनंदाने घेतात. हे सर्व काम उघड्या हवेत करावे. तळमजल्याच्या पार्किंगमध्ये शेजारी कोणी इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगला लावलेली असताना पेट्रोलची टाकी उतरवणे हा धोका पत्करू नये.

आता कार्बोरेटर. वाटी उघडली की मध्ये मेन जेट (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा छिद्राचा तुकडा) दिसतो आणि त्याच्या शेजारी खोल भोकात एक सडपातळ पितळी तुकडा बसलेला असतो. तो स्लो जेट, ज्याला काही जण पायलट जेट म्हणतात. बरोबर बसणाऱ्या स्क्रू ड्रायव्हरने तो काढावा, कारण पितळ मऊ असते आणि खाच एकदा तुटली की जेट बाहेर येत नाही. काढलेला जेट आकाशाकडे धरून त्यातून पाहावे. त्याच्या अंगावर ३८ किंवा ४० असा आकडा कोरलेला असतो आणि केहिन कार्बोरेटरमध्ये ३८ म्हणजे छिद्राचा व्यास मिलिमीटरचा अडतीस शतांश, म्हणजे शिवणकामाच्या सुईपेक्षाही बारीक. स्वच्छ जेटमधून उजेडाचा गोल, टोकदार ठिपका दिसतो. माझी स्वतःची गाडी चौदा महिने उभी राहिल्यावर मी हा जेट उजेडात धरला तेव्हा ठिपक्याऐवजी मधाच्या रंगाचा एक बारीक पडदा दिसला होता. कार्ब क्लीनरच्या फवाऱ्यात तासभर ठेवून, तांब्याच्या वायरीचा एक तंतू हलक्या हाताने आरपार घालून आणि शेवटी दाबाची हवा मारून तो पडदा गेला आणि तिसऱ्या किकला इंजिन बोलू लागले. त्याआधी एका गॅरेजमध्ये मला याच गाडीसाठी पिस्टन बदलण्याचा सल्ला मिळाला होता. तिथे कोणी जाणूनबुजून फसवले असे मला वाटत नाही. तपासणी न करता अंदाज बांधला गेला, एवढेच.

जेट साफ करताना पोलादी तार किंवा टाचणी वापरू नये, छिद्र कणभर मोठे झाले तरी गाडी पुढे जास्त पेट्रोल पिते. मिक्श्चरचा (पेट्रोल-हवेचे प्रमाण ठरवणारा) स्क्रू काढण्यापूर्वी तो पूर्ण टेकेपर्यंत हलकेच आत फिरवून किती वेढे लागले ते मोजून लिहून ठेवावे, म्हणजे परत बसवताना तीच जागा सापडते. फ्लोटची (वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) सुई आणि तिचे टोक बघावे. त्यावर कडे उमटले असेल तर पेट्रोल ओव्हरफ्लो होत राहते. गाडी फक्त चोकवरच चालते आणि चोक काढला की बंद पडते, अशी तक्रार असेल तर दोष जवळजवळ नेहमी स्लो जेटच्या वाटेत, नाहीतर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यातल्या तडकलेल्या रबरात असतो.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत हा खटाटोप नसतो, पण चावी फिरवल्यावर टाकीतून पंपाचा एकदोन सेकंदांचा गुंजारव ऐकू आला पाहिजे. तो नसेल तर फ्यूज आणि रिले पाहावेत. पंप खरेच गेला असेल तर तो महागडा भाग आहे आणि त्याचा हिशेब आधी करावा. या गाड्यांची पेट्रोलची नळी दाबाखाली असते, ती अचानक ओढून काढू नये.

टाकीच्या आत टॉर्च मारून गंज दिसतो का ते बघावे. हलका गंज सायट्रिक ॲसिडच्या द्रावणाने निघतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, लगेच पूर्ण वाळवून थोडे तेल फिरवावे. पापुद्रे सुटण्याइतका गंज असेल तर साफसफाईचा मोह सोडून वापरलेली चांगली टाकी शोधणे परवडते.

एअर फिल्टरकडे सर्वजण दुर्लक्ष करतात. डर्ट बाइकचा फिल्टर बहुधा तेल लावलेल्या फोमचा असतो आणि आपल्याकडच्या दमटपणात तो दोनतीन वर्षांत कुजतो. चिमटीत धरल्यावर ओल्या केकसारखा भुगा झाला तर तो धुण्याच्या भानगडीत न पडता बदलावा, कारण तो भुगा थेट इंजिनात ओढला जातो. चांगला फोम असेल तर डिझेलने आणि मग साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून फिल्टर ऑइल लावावे. पेट्रोलने धुतल्यास चिकटवलेले जोड सुटतात.

चालू झाल्यावर

इंजिन सुरू झाले की लगेच ॲक्सिलरेटर पिळू नये. पाच मिनिटे संथ चालू द्यावे. निळसर धूर सुटत राहिला तर तेल जळत आहे, आणि तो केवळ आपण सोडलेल्या तेलाचा असेल तर थोड्या वेळात थांबतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत, नाहीतर चार्जिंगकडे पाहावे. थंड झाल्यावर ऑइल बदलावे. ब्रेक फ्लुइडही ओल शोषते, ते बदलावे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. टायर पाच वर्षांहून जुने आणि तडकलेले असतील तर ते घेणाऱ्याला स्पष्ट सांगावे. फोर्कच्या (पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या) नळीवर गंजाचे खड्डे असतील तर केवळ ऑइल सील बदलून उपयोग नाही, ते खड्डे नवा सीलही फाडतात.

चाचणीसाठी गाडी कुठे चालवायची हा प्रश्न ठाण्यात विशेष महत्त्वाचा आहे. येऊरचा परिसर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे आणि तिथल्या जंगलवाटांवर गाडी घालणे कायद्याने आणि मनानेही चुकीचे आहे. विमा आणि पीयूसी संपलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर काढू नये. आधी विमा घ्यावा, आणि ट्रॅकची गाडी असेल तर ती छोट्या टेम्पोत घालून खासगी ट्रॅकवर न्यावी.

हिशेब

आता तीन आकडे कागदावर मांडावेत: गाडी आज आहे तशी विकली तर प्रत्यक्ष मिळालेली चांगली ऑफर, चालू स्थितीत तिच्यासारख्या गाड्या खरोखर ज्या भावाला जात आहेत तो भाव, आणि उरलेल्या दुरुस्तीचा लेखी अंदाज. समजा बंद गाडीला २५ हजार मिळत आहेत, चालू गाडी ४५ हजारांना जाते आणि कार्बोरेटर, प्लग, बॅटरी, फिल्टर, ऑइल मिळून आठ हजार लागणार आहेत. तर दुरुस्ती निःशंकपणे करावी. तोच खर्च ‘हाफ इंजिन’मुळे बावीस हजार होत असेल तर गाडी बंदच विकावी, पण कॉम्प्रेशनचा आकडा, काढलेले फोटो आणि दुरुस्तीचा अंदाज जोडून विकावी. हे कागद पाहिल्यावर घेणारा वाईटातली वाईट शक्यता धरत नाही. तपासणीला लागलेला वेळ आणि पैसा त्यामुळे वाया जात नाही, हे मी ठामपणे सांगेन.

खर्चाची मर्यादा काम सुरू होण्यापूर्वी ठरवावी आणि मेकॅनिकला ती सांगावी. उघडलेले इंजिन समोर असताना माणूस ‘आता एवढे केलेच आहे तर’ असे म्हणत जातो. विक्रीसाठी म्हणून नवा रंग, नवे स्टिकर, नवा सायलेन्सर यांवर खर्च करू नये. डर्ट बाइक घेणारा ओरखड्यांना घाबरत नाही. ताज्या रंगाखाली काय झाकले आहे याचा त्याला जास्त संशय येतो. त्याऐवजी चेन आणि स्प्रॉकेट, ब्रेक शू किंवा पॅड, क्लचची केबल अशा हाताला जाणवणाऱ्या गोष्टी ठीक कराव्यात. बदललेले जुने भाग पिशवीत ठेवून बिलांसह दाखवावेत. आणि गाडी बघायला कोणी येणार असेल तर इंजिन आधी गरम करून ठेवू नये. थंड इंजिन त्याच्यासमोर सुरू होणे ही सर्वांत विश्वासाची गोष्ट आहे.

काही गाड्यांचा हिशेबच जुळत नाही: इंजिन जाम, नोंदणीची मुदत संपलेली, भागही मिळत नाहीत. अशी गाडी भंगारवाल्याला तोंडी व्यवहारात न देता नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यावी, तिथून ठेव प्रमाणपत्र घ्यावे आणि नोंदणी रद्द करून घ्यावी.

विक्री ठरली की फॉर्म २९ आणि फॉर्म ३० दोन्ही पक्षांनी भरावेत. राज्याच्या आतल्या विक्रीची सूचना विकणाऱ्याने चौदा दिवसांत देणे मोटार वाहन कायद्यानुसार अपेक्षित आहे. गाडी ठाण्याच्या एमएच ०४ ची असो, नवी मुंबईच्या एमएच ४३ ची किंवा पनवेलच्या एमएच ४६ ची, सही केलेले कोरे फॉर्म देऊन मोकळे होण्याची पद्धत धोक्याची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जाईल, गाडी पुढे कितीही हातांत गेलेली असली तरी. गाडी हवाली करताना तारीख, वेळ, ओडोमीटरचा आकडा आणि घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत यांसह पावती करावी, तपासणीत सापडलेले आणि न दुरुस्त केलेले दोष त्या पावतीवर लिहून त्याची सही घ्यावी, आणि परिवहनच्या संकेतस्थळावर आरसीवर नवे नाव चढल्याचे दिसेपर्यंत दर आठवड्याला पाठपुरावा करत राहावे.